सुभेदारांची अडचण

"सुभेदारांना कालपासून साफ झालेली नाही हो," मी ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले.

म्हणाले कसली, ओरडलेच. कोल्हापूर-चंदगड एसटी चढाला लागली होती, इंजिन बोंबलत होतं, खिडक्या खडखडत होत्या, त्यात हळू बोलून कोणाला ऐकू जाणार? आणि नेमक्या त्याच वेळी ड्रायव्हरने गिअर बदलला. आवाज एकदम पडला आणि माझं वाक्य तेवढं पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत लख्ख ऐकू गेलं.

पुढच्या बाकावरचा फेटा सावकाश मागे वळला. फेट्याखाली पांढऱ्याशुभ्र, पीळ दिलेल्या मिशा होत्या आणि त्यांच्या वर दोन लालभडक डोळे.

"कोन म्हनलं ते?"

मघाशी कागलला हे गृहस्थ चढले तेव्हा कंडक्टरने कपाळाला हात लावून त्यांना सलाम ठोकला होता. "या सुभेदार, बसा!" असं तो म्हणालाही होता. ते मी ऐकलं होतं, पण माझं सगळं लक्ष मांडीवरच्या करंडीत.

मी काही बोलायच्या आत त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी तोंडाला पदर लावला. "तरी म्या सांगत हुते, परवासाला निघताना एवढी भजी खाऊ नगा म्हनून. आता लोकास्नी बी कळाय लागलं."

"तू गप ग!" सुभेदार गरजले. "पोरी, माझ्या पोटाची उठाठेव तुला कुनी सांगितली?"

"तुमची नाही हो आजोबा!" मी करंडी वर उचलून दाखवली. "ह्याची! माझ्या बोक्याचं नाव सुभेदार आहे."

सबंध गाडी हसली. कंडक्टर तर तिकिटांची पेटी पोटाशी धरून हसायला लागला. सुभेदारांच्या मिशा थरथरल्या. मला वाटलं, आता हे मला खिडकीतून बाहेर फेकणार. पण ते बाकावर गुडघा टेकवून मागे वाकले आणि करंडीच्या फटीतून आत बघत म्हणाले, "आमी उमर घालवली पलटनीत, तवा सुभेदार झालो. ह्यो कुटल्या पलटनीचा?"

ही गोष्ट घडली तेव्हा माझं लग्न अगदी कोरं होतं. हळद अजून नखांतून गेली नव्हती. माहेरी चार दिवस राहून मी, सकाळीच न्यायला आलेल्या ह्यांच्याबरोबर, पुन्हा चंदगडला सासरी निघाले होते. दुपारी सासरी सत्यनारायण होता आणि पूजेला आम्ही दोघांनी बसायचं होतं. सासूबाईंनी तशी ताकीदच दिली होती.

हे माझ्या शेजारी बसून एकसारखे शिंकत होते. मांजर जवळ असलं की ह्यांना शिंका येतात, हे मला त्याच प्रवासात कळलं. तसं ह्यांच्याबद्दल मला काहीच कळलेलं नव्हतं. नाव वसंत गावडे, काजूच्या कारखान्यात नोकरी, उंच, नाकीडोळी नीटस, आणि बोलणं शून्य. मला बघायला आले तेव्हा सगळं सासूबाईच बोलल्या. पगार त्यांनी सांगितला, आवडीनिवडी त्यांनी सांगितल्या. ह्यांना चहात साखर किती लागते तेही त्यांनीच सांगितलं. लग्नानंतरही तेच. मी काही विचारलं की हे मान हलवायचे, नाहीतर हसायचे. फार झालं तर "बरं."

माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, सुखी आहेस, नवरा ऐकून घेतो. मला मात्र रात्री छताकडे बघताना वाटायचं, ह्यांना मी पसंत तरी आहे का?

बोक्याचं तर वेगळंच. सुभेदार माझ्या हातावर वाढलेला. मी नसले की जेवायचा नाही. लग्न ठरताना मी म्हटलं होतं, बोका माझ्याबरोबर येईल. ह्यांनी मान हलवली. नंतर सासूबाई म्हणाल्या, मांजर माझ्या घरात चालायचं नाही. तेव्हाही ह्यांनी मान हलवली. आता ह्यातली खरी मान कोणती, हे मला चंदगडला उतरल्यावर कळणार होतं.

"झाकन काड बगू," सुभेदार म्हणाले.

मी झाकण उघडलं. एरवी दंगा करून बाहेर उडी मारणारा माझा पिवळाधमक बोका कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. मग तो उठला, शेपूट ताठ केली, मागचे पाय वाकवले आणि जोर लावायला लागला. लावता लावता असा काही ओरडला की हसणारी गाडी चिडीचूप झाली. एवढं करून काहीच नाही. मग तो खाली बसला आणि मागचं अंग चाटत राहिला.

"काल संध्याकाळपासून असंच चाललंय," मी म्हटलं. "आई म्हणाली, कोठा जड झालाय. चमचाभर एरंडेल पाजलं, ते त्याने थुंकून टाकलं. सकाळी पिवळं ओकला. दुधाला तोंड लावत नाही."

मग काय, गाडीभर वैद्य झाले. कोणी हिंगाचं पाणी सांगितलं, कोणी ओवा. पलीकडच्या एकाने सांगितलं, की त्याच्या वासराला असंच झालं होतं आणि पोट दाबल्याबरोबर मोकळं झालं. असं म्हणत त्याने खरंच करंडीत हात घातला.

"हात काड!" सुभेदार असे ओरडले की तो माणूस उभ्याचा बसला. "पोट दाबायचं न्हाई! आतल्या आत फुटंल."

मग ते माझ्याकडे झुकले. आवाज एकदम खाली. "पोरी, खालचं फडकं बग. वलं हाय?"

मी चाचपलं. कोरडं ठणठणीत.

"आनि रातच्याला? कुटं बसतो ह्यो?"

"राखेच्या पाटीत. रात्रभर सारखा आत जात होता आणि बाहेर येत होता."

"राख वली हुती का?"

मी आठवून बघितलं. सकाळी ती पाटी मीच ओतली होती. राख सगळी भुरुभुरु उडाली होती.

"व्हय ना?" सुभेदार कुजबुजले. "हे संडासचं न्हवं. त्येची बैठक येगळी असती, त्वांड बी येगळं. हे दुसरं हाय. ह्येची लघवी तुंबलीया."

"तुम्हाला कसं कळलं?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. कंडक्टर जवळ आला. "काय झालं वो सुभेदार? कसं वळखलं?"

"वळखलं म्हंजे वळखलं. तुमास्नी काय करायचंय?"

"आवो, त्यास्नी बी असंच झालं हुतं की!" आजी उत्साहाने सबंध गाडीला सांगू लागल्या. "बेळगावच्या दवाखान्यात नेलं हुतं. असंच उटायचं, बसायचं, उटायचं, बसायचं. वरडनं तर डिट्टो! नळी घातली तवा मोकळं झालं. डाक्टर म्हनला, आनि उशीर केला असता तर इख अंगात भिनलं असतं."

सुभेदारांनी फेटा डोळ्यांवर ओढून घेतला. गाडीत मात्र कोणी हसलं नाही. करंडीत बोका पुन्हा ओरडला होता.

"मास्तर, गडहिंग्लज किती लांब?" मी विचारलं.

"आलंच की. जनावरांचा दवाखाना अलीकडंच लागतोय, पर तितं थांबा न्हाई. स्टँडवर उतरा, रिक्षा करा. पर मग ही गाडी जाईल तुमची. पुढची येळानं हाय."

पुढची गाडी म्हणजे पूजा गेली. जमलेली भावकी, शिजवलेला प्रसाद, चौरंगापाशी सासूबाई. नव्या सुनेने पहिल्याच पूजेला दांडी मारायची, ती बोक्यासाठी. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली नाही. शिंकलेसुद्धा नाहीत. रुमाल मुठीत आवळून एकटक करंडीत बघत होते.

उजव्या हाताला दवाखान्याची पाटी दिसली. गाडी वेगात होती. पाटी मागे पडायला लागली, आणि हे ताडकन उभे राहिले.

"थ..."

काहीच बाहेर आलं नाही. मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला, ओठ नुसते हलत होते. डोक्यावरून घंटीची दोरी जात होती. ती ओढली असती तरी काम झालं असतं. पण ह्यांनी दोरीला हात लावला नाही.

"थ... थ... थ..."

सगळी गाडी ह्यांच्याकडे बघत होती. मी तर अशी बघत होते जणू हे मला आत्ताच दिसले.

"थ-थ-थांबवा! ब-ब-बोका म-मरेल!"

ड्रायव्हरने असा ब्रेक मारला की आजी सुभेदारांच्या अंगावर आणि कंडक्टर आजींच्या अंगावर.

"आम्ही उ-उतरतो," हे म्हणाले आणि करंडी स्वतःच्या हातात घेतली.

"आणि सत्यनारायण?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"द-देव थ-थांबेल. बोका न-नाही थांबणार."

आणि हे उतरलेसुद्धा. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे सुभेदार, सुभेदारांमागे आजी. "आवो, तुमी कुटं?" म्हणत कंडक्टर. वळून बघते तर अर्धी गाडी रस्त्यावर. ड्रायव्हर चाकापाशी उभा राहून टायरला लाथा घालत होता. "हवा जरा कमी वाटतीया," तो कोणाकडेही न बघता म्हणाला. "बगाय पायजे. टाइम लागंल."

दवाखान्यात गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेल्या एक डॉक्टरीणबाई म्हशीच्या पोटाशी कान लावून उभ्या होत्या. नाव कित्तूर. आमची वरात बघून त्यांना वाटलं मोर्चाच आला.

"काय झालंय?"

"सुभेदारांना लघवी होत नाही!" तिघेचौघे एकदम ओरडले.

कित्तूरबाईंनी मिशाळ सुभेदारांकडे बघितलं. "अहो, मग सरकारी दवाखान्यात न्या ना! इथं जनावरांना बघतात."

सुभेदारांनी निमूट करंडीकडे बोट दाखवलं.

पुढचं मात्र भराभर झालं. बाईंनी बोक्याच्या पोटाखाली अलगद दोन बोटं लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. माझी बोटं धरून त्यांनी तिथे टेकवली. मोसंबीएवढा टणक गोळा हाताला लागला. नुसत्या स्पर्शाने बोका कळवळला.

"ही मूत्राची पिशवी. एवढी भरलीय, आता जागा नाही. बोक्याची नळी फार बारीक असते. आत रेती जमली की बूच बसतं. लगेच काढायला हवं." त्या थांबल्या. "पण माझ्याकडच्या नळ्या गाईम्हशींच्या. समोर बाळांचा दवाखाना आहे. नाकातून दूध घालायची नळी असते ना, सगळ्यात बारीक, ती आणा. पळा!"

हे पळाले. कंडक्टर पेटीसकट त्यांच्यामागे पळाला. तिथे काय झालं ते त्याने नंतर नाटक करून दाखवलं. तिथल्या नर्सबाईंनी विचारलं, बाळाचं वजन किती?

"स-साडेचार किलो," आमचे हे म्हणाले.

"अगंबाई, चांगलं गुटगुटीत आहे की!"

"म-मिशा पण आहेत," ह्यांनी सांगून टाकलं. खोटं बोलायचं नाही म्हणून.

नर्सबाईंनी नळीचं पाकीट जवळजवळ फेकूनच दिलं.

इंजेक्शनने बोका सुस्त झाला. बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं. सुभेदार हलेनात. "म्या हितंच थांबनार. ह्या वक्ताला जवळ कुनीतरी जानकार पायजे." मग त्यांनी बोक्याचा मागचा पाय धरला, मी डोकं धरलं, आणि हे दाराशी उभे राहून शिंका दाबायला लागले. खिडकीच्या गजांत सगळी एसटी चेहरे खुपसून उभी होती.

नळी जाईना. बाईंनी मिठाचं पाणी थोडं थोडं सोडून बघितलं. पुन्हा अडली. बाईंच्या कपाळावर घाम आला. मी बोक्याच्या कानात काहीबाही बोलत होते. काय, ते आता आठवत नाही. सुभेदार डोळे मिटून दात आवळून उभे होते, जणू नळी त्यांनाच चालली आहे.

"जरासं... जरासं..." बाई पुटपुटल्या. "गेली!"

स्टीलच्या भांड्यात आधी एक थेंब वाजला. मग दुसरा. मग लालसर, मग पिवळी अशी धार लागली, ती लागलीच. एवढ्याशा बोक्यात एवढं मावलं कुठे? आयुष्यात मी गाणी ऐकली, कीर्तनं ऐकली, पण त्या भांड्यातल्या आवाजाची सर कशाला नाही.

"झाली का?" खिडकीतून आजींनी विचारलं.

सुभेदारांनी छाती काढली. डोळ्यांतून पाणी मिशांत उतरत होतं. "झाली!" त्यांनी गर्जना केली. "सुभेदार मोकळं झालं!"

बाहेर जो काही जल्लोष झाला! टोप्या उडाल्या, शिट्ट्या वाजल्या, एकीने खिडकीतूनच माझी दृष्ट काढून बोटं मोडली. ड्रायव्हरने पळत जाऊन हॉर्न दाबून धरला. म्हैस हंबरली. मी हसत होते का रडत होते कोणास ठाऊक. सुभेदारांनी मला मिठी मारली, मग डॉक्टरीणबाईंना सलाम केला, मग दारात जाऊन ह्यांना उचललंच.

बाईंनी हात धुता धुता मला नीट बजावलं. "बोका सारखा बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय, चाटतोय, आणि थेंब नाही. असं कधीही दिसलं तर तेल पाजत बसायचं नाही आणि उद्यावर टाकायचं नाही. तसंच उचलून आणायचं. आजची रात्र काढली असतीत ना, तर सकाळी मी नुसते हात जोडले असते. आता नळी दोन दिवस आतच ठेवू. ह्याला इथून हलवायचं नाही."

टायरमध्ये अचानक हवा सापडली आणि गाडी निघाली. "तुमच्या घरी म्या सांगतो," सुभेदार पायरीवरून ओरडले. "काळजी नगं!"

मग दवाखान्याच्या ओसरीवर आम्ही दोघं आणि मध्ये पोत्यावर झोपलेला बोका. नळीतून वाटीत टपटप चाललं होतं.

"त-तुला कळलं," हे शेवटी म्हणाले.

"काय?"

"म-माझं बोलणं. आई म्हणाली, ल-लग्नाआधी बोलू नको. नंतर मला ज-जमेना. म्हटलं, त-तू हसशील."

मी त्यांच्याकडे बघितलं. नाक शिंकून शिंकून लाल झालेलं, सदऱ्यावर राख, एरंडेल आणि कसले कसले डाग.

"आणि मला वाटत होतं, मी तुम्हाला पसंतच नाही."

हे इतके दचकले की एकदम उभे राहिले. "अ-अगं, क-काहीतरीच! म-मी तर..." पुढचा शब्द अडला. ह्यांनी श्वास घेतला, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडला. मी वाट बघितली. घाई कसली होती? तो शब्द आला तेव्हा आम्ही दोघं असे हसत सुटलो की कित्तूरबाई बाहेर येऊन बघून गेल्या. काय म्हणाले, ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर मात्र हे जे बोलत सुटले! लहानपणीची विहीर, कारखान्यातल्या गमती, चहात साखर खरं तर एकच चमचा लागते. आई दोन सांगते, म्हणून इतकी वर्षं दोन प्यायलेले. अडखळत, शिंकत, मध्येच हसत. दुपार कधी उतरली, कळलं नाही.

ऊन कलतीला आलं तेव्हा फाटकापाशी एसटी थांबली. तीच गाडी, चंदगडहून परत निघालेली. थांबा नसताना ड्रायव्हरने तिथे पुन्हा थांबवली होती. आतून सासूबाई उतरल्या. हातात शिऱ्याचा डबा, नऊवारीचा ओचा खोचलेला, चेहरा कडक. मी पदर सावरत उभी राहिले.

"आई, पूजा चुकली, पण..." मी सुरुवात केली.

"पूजा झाली. तुझ्या धाकट्या दिरानं केली." त्यांनी मला हाताने बाजूला केलं आणि थेट विचारलं, "ते सुभेदार घरी येऊन सांगत होते, की वसंता एवढ्या भरल्या गाडीत बोलला. खरं?"

"हो."

"सगळ्यांच्या देखत? मोठ्यानं?"

"ड्रायव्हरला पार पुढे ऐकू गेलं."

"काय म्हणाला?"

मी सांगितलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "परत सांग." मी परत सांगितलं. त्यांनी ओसरीच्या खांबाला हात लावला आणि हळूच खाली टेकल्या. कडक चेहरा कुठच्या कुठे गेला होता. शाळेत मास्तर ह्याला उभा करायचे, पोरं हसायची, म्हणून त्याचं बोलणं मीच बोलायला लागले, असं काहीतरी त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

हे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. कान लाल झाले होते.

"आई, ब-ब-बोका घरी य-येणार."

सासूबाईंनी पोत्यावरच्या बोक्याकडे बघितलं, वाटीत पडणाऱ्या थेंबांकडे बघितलं. मग पदराने डोळे पुसत वर मान करून म्हणाल्या, "येऊ दे की रे. कोण नको म्हणतंय? तू फक्त ते परत एकदा म्हण."